ऑपेरा हाऊस : जीर्णोद्धार करायचा, पण कुठल्या सालचा?

मुंबईत ‘ऑपेरा हाऊस’ म्हटलं की अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो. बेस्टच्या प्रवाशाला तो बसथांबा. हिऱ्यांच्या दलालाला तो बाजार, पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्सच्या आसपासचा. १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांत झवेरी बाजार आणि दादरबरोबर हे नाव आलं, तेही या बाजारामुळे. ज्या इमारतीवरून अख्ख्या भागाला हे नाव पडलं, ती मात्र तेव्हा अठरा वर्षं बंद होती. गिरगावातून केनेडी ब्रिजकडे जाताना ती दिसायची, पण तिच्याकडे बघायचं कारण कुणाला उरलं नव्हतं.

आज ती पुन्हा झळाळते आहे. २०१६ मध्ये दारं उघडली, २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार (अवॉर्ड ऑफ मेरिट) मिळाला, आणि ‘भारतातलं एकमेव शिल्लक ऑपेरा हाऊस’ म्हणून तिचं कौतुक झालं. काम उत्तमच झालं आहे, त्याबद्दल वाद नाही. मला या प्रकरणात रस आहे तो एका साध्या हिशेबामुळे.

इमारत रसिकांसाठी खुली झाली १९१२ मध्ये. १९१७ पासून तिथे खेळांच्या जोडीने सिनेमा दाखवायला सुरुवात झाली. १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सकडे ती गेली आणि मुख्यतः सिनेमाचं थिएटर झाली. १९९३ मध्ये बंद पडली, २०१६ मध्ये उघडली. म्हणजे निव्वळ रंगमंदिर म्हणून पाच वर्षं, दोन्ही मिळून अठरा वर्षं, सिनेमागृह म्हणून अठ्ठावन्न वर्षं आणि कुलपात तेवीस वर्षं. जीर्णोद्धार करताना समोर ठेवलं गेलं ते त्यातल्या पहिल्या, सगळ्यात छोट्या तुकड्याचं रूप. असं का झालं, आणि त्याला दुसरा काही पर्याय होता का, हे बघण्यासाठी ही सगळी गोष्ट नीट मांडायला हवी.

पिला हाऊसपासून पलीकडे

मुंबईचा रंगभूमीचा बाजार आधी ग्रँट रोडला होता. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये तिथे थिएटर उभं राहिलं, आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने तिथेच मुंबईकरांना मराठी नाटक दाखवलं. पुढे पारशी कंपन्या आल्या, एकाला लागून एक थिएटरं झाली, आणि ‘प्ले हाऊस’चं मुंबईच्या जिभेवर ‘पिला हाऊस’ झालं. साहेबलोकांना आणि मलबार हिलच्या श्रीमंतांना त्या वस्तीत संध्याकाळी बग्गी घेऊन जाणं फारसं रुचत नसावं. ऑपेरा हाऊसची जागा नकाशावर पाहिली की हे पटतं. चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर, मलबार हिलवरून उतरलं की लगेच, आणि ग्रँट रोडच्या गजबजाटाच्या अलीकडे.

१९०८ मध्ये ही कल्पना दोघांनी मिळून उचलली. एक मॉरिस बँडमन, मूळचा न्यूयॉर्कचा, कलकत्त्यात ठाण मांडून बसलेला नाटकवाला. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ. बँडमनचा धंदा समजून घेतला तर या इमारतीचं नाव थोडं वेगळं ऐकू येतं. त्याच्या फिरत्या कंपन्या बोटीने भूमध्य समुद्राकडून निघायच्या, मुंबई, कलकत्ता, रंगून, सिंगापूर करत थेट जपानपर्यंत जायच्या. प्रत्येक गावात मुक्काम, रोज नवा खेळ, मग सामान बांधून पुढची बोट. आणि हे खेळ बहुतांशी लंडनच्या हलक्याफुलक्या संगीत-विनोदी नाटकांचे होते. इटालियन भव्य ऑपेरा हा त्यातला रोजचा माल नव्हता. ‘ऑपेरा हाऊस’ ही पाटी प्रतिष्ठेची होती. गल्ला भरायचा तो सुटसुटीत गाणी आणि विनोदावर. माझ्या मते यात कमीपणा काही नाही, पण पुढे शंभर वर्षांनी त्या पाटीने केवढं वजन खाल्लं ते बघायचं आहे.

पंचम जॉर्ज बादशहा २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरला. त्या दौऱ्यात त्याच्या हस्ते ऑपेरा हाऊसचं उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम चालूच होतं. अपुऱ्या इमारतीची फीत कापण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, याचा हा राजमान्य पुरावा. ‘रॉयल’ हे बिरुद त्या भेटीचं. पुढच्या वर्षी खेळ सुरू झाले, आणि बारीकसारीक भर पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत पडत राहिली.

इमारत बरोक धाटणीची, म्हणजे कुठे रिकामी जागा ठेवायची नाही अशा वृत्तीची. दर्शनी बाजूला त्रिकोणी शिरोभाग आणि त्यावरचं कोरीवकाम, आत तीन मजली प्रेक्षागृह, सोनेरी मुलामा, रंगीत काचा, वर आठ भागांत विभागलेला घुमट आणि त्यात कवी-नाटककारांना मानवंदना. लॉबीतली मोठी झुंबरं ससून कुटुंबाने दिलेली, त्यांना ‘सान्स सूसी’ म्हणतात. भायखळ्याच्या ससूनवाड्याचंही नाव तेच होतं. तिथे आज मसिना हॉस्पिटल आहे.

या सगळ्या नक्षीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते छत. गॅलरीतल्या शेवटच्या माणसालाही रंगमंचावरचा शब्द न् शब्द ऐकू यावा अशी त्याची रचना केली होती. माइक नसलेल्या काळात हीच थिएटरची खरी यंत्रणा. आणि म्हणूनच पुढे इथे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, पटवर्धनबुवा, ज्योत्स्ना भोळे उभे राहिले तेव्हा काही विजोड झालं नाही. परदेशी नाव आणि मराठी संगीत नाटक अशी गंमत करायचा मोह होतो, पण गायकाच्या बाजूने बघा. इटलीतल्या गायिकेला जे हवं असतं तेच बालगंधर्वांना हवं होतं: उघड्या गळ्यातून निघालेला स्वर गॅलरीपर्यंत जावा आणि विरून जायच्या आत कानाला थोडा रेंगाळावा. ‘वन्स मोअर’ची आरोळी तिथूनच तर यायची. हॉल त्या कामासाठीच बांधलेला होता.

सिनेमाने हॉल कसा बदलला

१९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातच, कॉरोनेशनमध्ये लागला. ‘आलम आरा’ १९३१ मध्ये मॅजेस्टिकमध्ये, तेही गिरगावात. म्हणजे हिंदुस्थानी सिनेमाचे दोन्ही मोठे पहिले दिवस ऑपेरा हाऊसच्या पायरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडले, आणि ऑपेरा हाऊसमध्ये घडले नाहीत. पण त्या लाटेपासून ते कोरडंही राहिलं नाही. १९१७ पासून सिनेमा आला. फ्रान्सच्या पाथे कंपनीची चित्रं इथे लागायची. महायुद्धात बोटींचा भरवसा राहिला नसताना फिरत्या कंपन्यांवर अवलंबून बसण्यापेक्षा रिळांचे डबे परवडले असणार, हा माझा तर्क. बँडमन १९२२ मध्ये वारला आणि त्याचा तो लांबच लांब पसरलेला धंदा त्याच्यामागे फार टिकला नाही.

मूकपटाला नाट्यगृह चालतं. पडदा टांगा, वाद्यवृंदाच्या खाचेत वाजवणारे बसवा, झालं. बोलपटाने मात्र हॉलशीच भांडण काढलं.

पहिला प्रश्न बॉक्सचा. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना असलेले शाही बॉक्स मुळात बघण्याइतकेच बघितले जाण्यासाठी असतात. तिथून नट तिरका दिसला तरी माणूस आहे, तो वळतो, पुढे येतो. पडद्यावरचं चित्र वळत नाही. बाजूच्या बॉक्समधून ते चपटं, ओढलेलं दिसतं. त्या खुर्च्या विकणार कुणाला? दुसरा प्रश्न वाद्यवृंदाच्या खाचेचा. आवाज रिळावरच आल्यावर वाजवणाऱ्यांना सुट्टी मिळाली. त्या जागेत स्वस्त खुर्च्या बसतात. मराठीत ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणजे पुढच्या स्वस्त रांगेतला शिट्ट्या मारणारा. ज्या इंग्रजी शब्दाने वाजवणाऱ्यांची खाच ओळखली जाई, त्याच शब्दाने आपण तिकीट कमी असलेला माणूस ओळखू लागलो. तिसरा प्रश्न केबिनचा. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली तर भडका. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून थिएटरला परवाना हवा असेल तर आगीच्या बंदोबस्ताच्या अटी पाळणं आलं. प्रोजेक्टरला बंदिस्त खोली हवी, आणि ती पडद्यासमोर, वरच्या बाजूलाच हवी.

चौथा प्रश्न आवाजाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गाण्याला घुमणारा हॉल लागतो. आवाज थांबल्यावर साधारण सव्वा ते दीड सेकंद तो हवेत राहिला तर गळा भरदार वाटतो. सिनेमाला उलट हवं: लाउडस्पीकरमधून आलेला शब्द एका सेकंदाच्या आत विरायला हवा, नाहीतर एक संवाद दुसऱ्यावर चढतो. जे छत बालगंधर्वांसाठी वरदान, ते बोलपटासाठी डोकेदुखी.

१९३५ च्या सुमारास जे बदल झाले ते असे. बाजूचे बॉक्स निघाले, खाच बुजली, केबिन आली, आणि मूळच्या सजावटीवर त्या काळच्या आवडीप्रमाणे नवे रंग चढले. आज या बदलांना सहज ‘मोडतोड’ म्हणतात. त्या काळच्या मालकाच्या खुर्चीत बसून पाहिलं तर यातला एकही निर्णय वेडगळ नव्हता. १९३३ मध्ये कुलाब्याला रीगल उघडलं होतं, वातानुकूलित आणि झगझगीत. १९३८ मध्ये मेट्रो आणि इरॉस उभी राहिली. नव्या कोऱ्या थिएटरांशी झुंजायचं तर जुन्या नाट्यगृहाने कोट बदलणं भागच होतं.

नाटक तरीही पूर्णपणे गेलं नाही. १९४४ मध्ये निघालेल्या पृथ्वी थिएटर्सचे खेळ पृथ्वीराज कपूर सकाळच्या वेळी इथे करायचे, कारण दुपारपासून पडद्याचा हक्क. सकाळी नाटक, दुपारी मॅटिनी. या इमारतीचं खरं स्वरूप विचाराल तर मी हे एक वाक्य सांगेन.

१९५२ मध्ये सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानच्या राजघराण्याने ऑपेरा हाऊस घेतलं. पुढची चाळीस वर्षं हा भाग सिनेमाचाच होता. एका बाजूला रॉक्सी, इंपीरियल, ड्रीमलँड, सेंट्रल, दुसऱ्या बाजूला लॅमिंग्टन रोडवर नाझ, आणि नाझच्या इमारतीत वितरकांची कार्यालयं, जिथे शुक्रवारी दुपारी सिनेमाचं नशीब ठरायचं. नवा सिनेमा मुंबईत लागायचा तेव्हा जाहिरातीत एक ‘मेन थिएटर’ असायचं. किती आठवडे चालला हे तिथल्या मुक्कामावर मोजायचं: पंचवीस आठवडे म्हणजे सिल्व्हर ज्युबिली. ॲडव्हान्स बुकिंगची रांग, खिडकीमागे खुर्च्यांचा प्लॅन, हाऊसफुल्लचा बोर्ड, त्या बोर्डाखालीच उभा असलेला ब्लॅकवाला, बॅटरी मारत खुर्ची दाखवणारा डोअरकीपर. गिरगाव-ठाकूरद्वार-खेतवाडीच्या चाळींतल्या माणसांचा या इमारतीशी आलेला संबंध तो हा. त्यांच्यातल्या कुणी तिथे ऑपेरा पाहिला नव्हता.

कुलूप

एकपडदा थिएटरं का मेली याचं उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९८२ नंतर रंगीत टीव्ही, मग व्हिडिओ, मग १९९२ च्या सुमारास केबल. करमणूक करावर करमणूक कर, तिकिटाच्या पैशातला मोठा भाग सरकारजमा. जागेची किंमत मात्र दरवर्षी वर. दक्षिण मुंबईतल्या थिएटरमालकाला सिनेमा चालवण्यापेक्षा तो बंद ठेवणं स्वस्त पडायला लागलं. १९९३ मध्ये ऑपेरा हाऊस बंद झालं. शेवटचा जाहीर कार्यक्रम एक फॅशन शो होता.

त्यानंतर तेवीस वर्षं. मुंबईत इमारत बंद ठेवणं म्हणजे ती जपून ठेवणं नव्हे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि चौपाटीवरून येणारी खारी हवा. छताचं एक कौल सरकलं तर एका पावसाळ्यात आतल्या चुन्याचा गिलावा ओला होतो, दुसऱ्यात फुगतो, तिसऱ्यात पडतो. भिंतींना लोणा लागतो. त्या काळच्या बांधकामात लोखंडी तुळया भिंतीत आणि बाल्कनीच्या पोटात दडवलेल्या असतात. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगताना भोवतालच्या बांधकामाला आतून फोडतं. बाहेरून नुसती बारीक भेग दिसते. भेगेत पिंपळ रुजतो. पिंपळ उपटता येतो, मूळ राहतं.

काम सुरू झालं तेव्हा छत गळत होतं, बाल्कन्यांचा भरवसा नव्हता, भिंतींत झाडं होती. मालक ज्योतेंद्रसिंहजी आणि कुमुदकुमारी यांनी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांना बोलावलं. २००८ च्या सुमारास सुरुवात झाली आणि सगळं मिळून सात-आठ वर्षं गेली. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत ऑपेरा हाऊसचं नाव घातलं, तेव्हा काम अर्ध्यावर होतं.

कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी छत आणि ढाचा, मग दर्शनी भाग, आणि प्रेक्षागृहाची सजावट सगळ्यात शेवटी. हे सांगायला सोपं, करायला अवघड. कारण पैसे देणाऱ्याला आधी सोनं आणि झुंबर दिसायला हवं असतं. तुळईवर आणि पन्हाळीवर घातलेला पैसा कुणाला दिसत नाही. आपल्याकडे देवळांपासून वाड्यांपर्यंत कित्येक जीर्णोद्धार आधी रंग काढून मोकळे होतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात रंगासकट गिलावा खाली येतो. इथे खासगी मालक होता, घाई नव्हती, उद्घाटनाची तारीख धरून बसलेला मंत्री नव्हता. ही शिस्त पाळली गेली यात त्याचा वाटा मोठा असावा.

सालाची निवड

आता मूळ प्रश्न. परांची चढली, भिंत खरवडली. वरचा थर बंद पडायच्या वेळचा, खालचे सिनेमाच्या काळातले, आणि सगळ्यात तळाशी मूळचा रंग आणि मुलामा. कुठे थांबायचं?

लांबा यांच्या चमूने तळापर्यंत जायचं ठरवलं. जुनी छायाचित्रं मिळवली, थर खरवडून मूळ रंग शोधले, आणि १९३० च्या दशकात काढलेले बाजूचे शाही बॉक्स पुन्हा बांधले. वाद्यवृंदाची खाच परत आली. घुमट, रंगीत काचा, शिरोभाग, झुंबरं दुरुस्त झाली. त्याच वेळी १९१२ मध्ये नसलेल्या गोष्टीही आणाव्या लागल्या: वातानुकूलन, आगीपासून बचावाची सोय, आजच्या रंगमंचाला लागणारी प्रकाश आणि ध्वनीची यंत्रणा. आसनं आता सुमारे ५७५.

संवर्धनाच्या शास्त्रात यावर जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, इमारतीवर काळाने जे जे थर चढवले ते सगळे तिचा इतिहास आहेत, कुठला तरी एक उचलून बाकीचे पुसू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात, हे स्पष्ट आहे: सगळ्या काळांच्या वैध भरीचा आदर करा, आणि खालचं बाहेर काढायला वरचं काढायचं असेल तर वरचं कमी मोलाचं आणि खालचं फार मोलाचं असायला हवं. दुसरा पक्ष व्यवहाराचा. जे रूप बघायला माणसं येतील, ज्यासाठी पैसा उभा राहील, ते आणा.

ऑपेरा हाऊसमध्ये या दोन्ही पक्षांची उत्तरं जुळून आली असं म्हणता येईल, आणि बहुधा युनेस्को पुरस्काराच्या परीक्षकांनी तसंच मानलं. तळाचा थर दुर्मीळ होता, देशात दुसरा नाही. वरचा सिनेमाचा थर मुंबईत इतरत्र, जास्त अस्सल रूपात, रीगलमध्ये आणि लिबर्टीमध्ये उभा होताच. आर्ट डेको, म्हणजे रीगल-लिबर्टीची ती शैली, पाहायला ऑपेरा हाऊसला कुणी गेलं नसतं. इतका युक्तिवाद मला मान्य आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ५७५ खुर्च्यांचं सिनेमागृह म्हणून ते पुन्हा चालवलं असतं तर एका वर्षात पुन्हा कुलूप लागलं असतं. खुर्च्या मल्टिप्लेक्सच्या एका पडद्यापेक्षा जास्त, आणि पडदा एकच. म्हणजे सोमवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये वातानुकूलन चालवा आणि शनिवारी रात्री जास्तीचा पडदा नाही म्हणून गर्दी परत पाठवा. मेट्रोने हे गणित २००६ मध्ये हॉलचे तुकडे करून सोडवलं: बाहेर १९३८, आत सहा पडदे. इरॉसने आणखी वेगळं उत्तर दिलं. तिथे २०२३ मध्ये परांची बघून लोक घाबरले, इरॉस पाडतायत अशी आवई उठली. प्रत्यक्षात बाहेरचं रूप राखलं गेलं आणि आत सुमारे तीनशे आसनांचं एक आयमॅक्स झालं, ते २०२४ मध्ये उघडलं. सिनेमा टिकला, जुना हॉल गेला.

तीन थिएटरं, तीन सौदे. मेट्रोने सिनेमा आणि दर्शनी रूप ठेवलं. इरॉसनेही तेच, वेगळ्या आकारात. ऑपेरा हाऊसने हॉल ठेवला आणि रोजचा सिनेमा सोडला. हॉल अखंड ठेवायचा तर त्यात कार्यक्रम हवेत, ज्यांचं तिकीट महाग आहे, जे रोज नसले तरी चालतात, ज्यांना प्रायोजक मिळतो. मैफल, परिसंवाद, फॅशन, परदेशी वकिलातींचे कार्यक्रम. आणि या सगळ्यांना १९१२ चं सोनं हवं असतं. १९७० च्या रेक्झिनच्या खुर्चीत कुणी प्रायोजक बसत नाही. सालाची निवड करताना शास्त्र बोललं असेल, पण अर्थकारण आधीच होकार देऊन बसलं होतं.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. लांबा यांनी परत आणलेल्या बॉक्समध्ये तीनशे रुपयांचा प्रेक्षक बसत नाही. ज्या चाळींनी या थिएटरला अर्धं शतक पोसलं, त्या चाळींच्या जागी आता टॉवर आहेत, आणि उरलेल्या गिरगावकराला मराठी नाटक बघायचं तर तो केळेवाडीत साहित्य संघात जातो. इमारत वाचली, तिचा प्रेक्षक नाही वाचला. हा दोष वास्तुविशारदाचा नाही. पण जीर्णोद्धाराचे पुरस्कार देताना दगड-चुना तपासतात तसा हा मुद्दा कुणी तपासत नाही.

आणि तरीही सिनेमा हट्टी निघाला. २० ऑक्टोबर २०१६ ला ऑपेरा हाऊस उघडलं ते मुंबई चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाने. शाही बॉक्स परत आले होते, खाच परत आली होती, आणि पहिली गर्दी सिनेमावाल्यांची. दुसऱ्या दिवशी पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. जन्म मुंबईचा, मूळ गोव्याचं, कारकीर्द इंग्लंडमधली. ऑपेराचा गळा असलेली, याच शहरात वाढलेली बाई ऑपेरा हाऊसमध्ये उभी राहिली, तेव्हा ती पाटी शंभर वर्षांनी खरी वाटली.

लॉबीत कधी गेलात तर झुंबरांबरोबर आणखी काही दिसायला हवं होतं असं मला वाटतं. बुकिंगची एखादी खिडकी, दरांच्या फळीसकट: अप्पर स्टॉल, बाल्कनी, ड्रेस सर्कल. किंवा खुर्च्यांचा तो प्लॅन, ज्यावर कारकून पेन्सिलीने फुल्या मारायचा. सोन्याच्या मुलाम्याशेजारी ते विजोड दिसलं असतं, मान्य. अठ्ठावन्न वर्षं दिसतच होतं.